उडता लेझर आणि नकाशावरचा प्रश्न: 'वायएएल-१' विमानाचा प्रकरण अभ्यास

लेझरने क्षेपणास्त्र पाडता येते का, या प्रश्नाचे उत्तर ११ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मिळाले. पॉइंट मुगूच्या सागरी चाचणी क्षेत्रात, समुद्रात तरंगणाऱ्या मंचावरून द्रव इंधनाचे लघु पल्ल्याचे क्षेपणास्त्र सुटले. हवेत फिरणाऱ्या, 'वायएएल-१' नावाच्या एका बोइंग ७४७ विमानाने ते हेरले, त्यावर लेझरचा झोत रोखून धरला आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत क्षेपणास्त्राचे तुकडे झाले. विमानातून, इंजिन पेटलेले द्रव इंधनाचे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र लेझरने पाडण्याची ही पहिली वेळ होती. दोन वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१२ ला, तेच विमान ॲरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर जुन्या विमानांच्या रांगेत कायमचे उभे करण्यात आले. २०१४ मध्ये ते मोडीत निघाले. सोळा वर्षांत या प्रकल्पावर ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला होता.

चाचणी यशस्वी झाली आणि शस्त्र मात्र बाद ठरले, ते का, हे या अभ्यासात पाहू. यात लोकांऐवजी निर्णयांकडे लक्ष असल्याने अधिकारी आणि अभियंते यांची नावे दिलेली नाहीत. संसदीय समितीसमोर जाहीर साक्ष देणारे तेव्हाचे संरक्षणमंत्री तेवढे नावाने येतात.

पार्श्वभूमी

१९९१ च्या आखाती युद्धात इराकने स्कड जातीची ८० पेक्षा जास्त क्षेपणास्त्रे इस्रायल आणि सौदी अरेबियावर डागली. नेमकेपणाच्या दृष्टीने ती सुमारच होती, पण त्यांनी शहरे वेठीला धरली. २५ फेब्रुवारीच्या रात्री सौदी अरेबियातल्या धाहरानमधल्या बराकीवर एक स्कड कोसळले आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. येणारी क्षेपणास्त्रे हवेतच अडवणारी तिथली पॅट्रियट यंत्रणा शंभरहून अधिक तास सलग चालू होती. तिच्या संगणकाच्या वेळमोजणीत सेकंदाच्या एक तृतीयांश एवढी चूक साचली होती, म्हणून तिने प्रतिक्षेपणास्त्र सोडलेच नाही. दुसरीकडे वाळवंटात स्कडचे फिरते वाहक शोधण्यासाठी शेकडो उड्डाणे झाली. युद्धानंतरच्या हवाई दलाच्या अभ्यासाला त्यातला एकही फिरता वाहक नष्ट झाल्याचा ठाम पुरावा सापडला नाही.

म्हणजे क्षेपणास्त्र सुटण्याआधी सापडत नव्हते आणि डोक्यावर आल्यावर अडवण्याचा भरवसा नव्हता. मधला मार्ग एकच उरत होता. इंजिन जळत असताना, म्हणजे बूस्ट फेजमध्येच, ते पाडायचे. त्या वेळी ज्वाळा शेकडो किलोमीटरवरून दिसते, वेग अजून पूर्ण आलेला नसतो, इंधनटाकीवर प्रचंड ताण असतो आणि स्फोटक भाग वेगळा झालेला नसतो. शिवाय अवशेष डागणाऱ्याच्याच बाजूला पडण्याची शक्यता जास्त. हे तर्कशास्त्र बिनतोड होते आणि आजही आहे.

लेझरची कल्पनाही हवेतून उपटलेली नव्हती. १९८३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एनकेसी-१३५ या प्रायोगिक विमानाने कार्बन डायऑक्साइड लेझरने हवेतून हवेत मारा करणारी पाच साइडवाइंडर क्षेपणास्त्रे निकामी केली होती. त्याआधी १९७७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कर्टलँड तळावर ऑक्सिजन-आयोडीन रासायनिक लेझरचा शोध लागला होता. क्लोरीन वायू आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून उत्तेजित ऑक्सिजन तयार होतो. तो आपली ऊर्जा आयोडीनला देतो आणि आयोडीनमधून १.३१५ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त झोत मिळतो. ही तरंगलांबी वातावरणातून बऱ्यापैकी निभावून जाते. हवाई दलाला हव्या असलेल्या गुणांपैकी हा मोठा गुण होता.

अडचण

स्कडसारख्या क्षेपणास्त्राचे इंजिन एक-सव्वा मिनिट जळते, आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे तीन ते चार मिनिटे. एवढ्या वेळात ज्वाळा दिसणे, खात्री करणे, लक्ष्य धरणे आणि काही सेकंद झोत एकाच जागी टिकवणे हे सगळे उरकायचे. गोळी लागली की काम संपते. लेझरचे तसे नाही. तो क्षेपणास्त्राला छेदून जात नाही, फक्त कवच तापवतो. फुगवलेली सायकलची ट्यूब जिथे झिजलेली असते तिथे फाटते, तशी दाबाखालची इंधनटाकी तापून नरम झालेल्या जागी फाटते. म्हणून द्रव इंधनाचे क्षेपणास्त्र लेझरला सोपे आणि जाड कवचाचे घन इंधनाचे क्षेपणास्त्र अवघड.

त्यात प्रकाशाचा स्वभाव आड येतो. विमानाच्या नाकातल्या फिरत्या घुमटात सुमारे दीड मीटर व्यासाचा आरसा होता. या आरशातून निघालेला १.३१५ मायक्रॉनचा झोत, वातावरणाचा कसलाही त्रास नाही असे धरले तरी, ३०० किलोमीटरवर सुमारे ६५ सेंटिमीटर व्यासाचा ठिपका करतो. ६०० किलोमीटरवर तोच ठिपका सव्वा मीटरच्या पुढे जातो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रावर पसरते, म्हणजे तापवण्याची ताकद एक चतुर्थांश उरते. प्रत्यक्षात हवेतल्या गरम-थंड थरांमुळे झोत आणखी विस्कटतो. आरसा मोठा करावा तर विमानाच्या नाकात मावत नाही. शक्ती वाढवावी तर वजन वाढते.

या दोन ओळींच्या गणितात प्रकरणाचा निकाल बराचसा लिहिलेला होता. ते गणित १९९६ मध्येही सर्वांना येत होते.

समोरचे पर्याय

जमिनीवरचे वाहक शोधण्याची पद्धत सुधारणे आणि पॅट्रियटसारख्या शेवटच्या टप्प्यातल्या यंत्रणा बळकट करणे ही दोन्ही कामे चालू राहिली आणि चालू राहायलाच हवी होती. बूस्ट फेजसाठी मात्र तीन वाटा होत्या. पहिली, अतिवेगवान प्रतिक्षेपणास्त्र. तंत्र ओळखीचे, पण एवढ्या कमी वेळात गाठायचे तर प्रक्षेपकाला शत्रूच्या सीमेला अगदी खेटून उभे राहावे लागते. अशा एका प्रतिक्षेपणास्त्राचा प्रकल्प नंतर २००९ मध्येच रद्द झाला. दुसरी वाट अंतराळात फिरणाऱ्या लेझरची होती. तिला सीमा आड येत नाही, पण उपग्रह एका जागी थांबत नसल्याने खूप उपग्रह लागतात आणि खर्चाचा अंदाजही करवत नाही. तिसरी वाट म्हणजे मोठ्या विमानातला लेझर, ढगांच्या वर, सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून.

विजेवर चालणारे घनरूप लेझर तेव्हा पर्याय म्हणून उभेच राहत नव्हते, कारण त्यांची ताकद फार थोडी होती. मेगावॉटच्या घरातली शक्ती फक्त रासायनिक लेझर देत होता. त्यामुळे तिसरी वाट धरली की रसायने आपोआप आलीच, आणि रसायनांबरोबर क्लोरीनची टाकी, गळतीची भीती, पुढच्या तळावर इंधनापलीकडचा एक स्वतंत्र पुरवठा.

तिसरी वाट निवडण्यात मला चूक दिसत नाही. त्या घडीला ती सर्वांत कमी अशक्य होती. ती कोणत्या रूपात निवडली, तिथे खरी गफलत आहे.

काय केले

नोव्हेंबर १९९६ मध्ये हवाई दलाने बोइंग, टीआरडब्ल्यू आणि लॉकहीड मार्टिन यांच्या गटाला सुमारे १.१ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. बोइंगकडे विमान आणि जुळणी, टीआरडब्ल्यूकडे लेझर, लॉकहीडकडे नेम धरण्याची यंत्रणा. पुढे सात विमानांचा ताफा उभारायचा बेत होता. २००० च्या सुरुवातीला नवे ७४७ मालवाहू विमान ताब्यात घेतले गेले आणि जुलै २००२ मध्ये फेरफार केलेल्या विमानाने कॅन्सासमधल्या विचिटाहून पहिले उड्डाण केले. त्या वेळी लेझर विमानात नव्हता. पूर्ण लेझर जमिनीवरही अजून पेटलेला नव्हता.

लेझरची सहा मॉड्यूल एकत्र जोडून पहिला झोत निघाला नोव्हेंबर २००४ मध्ये, एडवर्ड्स तळावरच्या प्रयोगशाळेत. एकेक मॉड्यूल जवळपास तीन टन वजनाचे. मूळ आराखड्यात युद्धात वापरायच्या विमानासाठी चौदा मॉड्यूल धरली होती. चाचणीच्या विमानात सहा बसली आणि वजनाने विमान तेवढ्यातच जेरीस आले.

नेम धरण्याच्या बाजूला मात्र अप्रतिम काम झाले, आणि त्याला दाद द्यायला हवी. विमानाभोवतीचे अवरक्त संवेदक ज्वाळा पकडत. मग एक कमी शक्तीचा लेझर क्षेपणास्त्राचे अंग उजळून नेमकी जागा दाखवी. दुसरा कमी शक्तीचा लेझर वाटेतली हवा किती अस्थिर आहे ते मोजी. त्या मापावरून लवचिक आरसे आपला पृष्ठभाग दर सेकंदाला शेकडो वेळा बदलत, आणि हवेत झोत जसा विस्कटणार होता त्याच्या बरोबर उलटा विस्कटून तो बाहेर सोडला जाई. हलत्या विमानातून, वेग घेत असलेल्या क्षेपणास्त्रावर, हातभर जागेत झोत काही सेकंद टिकवायचा हे काम २००७ च्या हवाई चाचण्यांमध्ये कमी शक्तीवर जमले. ऑगस्ट २००९ मध्ये मुख्य लेझर उड्डाणात प्रथमच पेटवून विमानातल्याच ऊर्जामापकावर सोडण्यात आला.

फेब्रुवारी २०१० च्या यशानंतर त्याच रात्री, तासाभराच्या आत, घन इंधनाच्या दुसऱ्या लक्ष्यावरही झोत सोडण्यात आला. चाचणीचे निकष पुरे झाल्याचे, प्रकल्प तेव्हा चालवणाऱ्या क्षेपणास्त्र संरक्षण संस्थेने सांगितले, पण ते लक्ष्य नष्ट होण्याआधीच झोत थांबवला गेला. तसेच घन इंधनाचे एक लक्ष्य ३ फेब्रुवारीला नष्ट झाले होते. सप्टेंबरमध्ये अंतर वाढवून चाचणी घेतली तेव्हा झोताचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चुकीने झोत सरकला आणि सुरक्षा यंत्रणेने लेझर बंद केला. ऑक्टोबरमध्ये ज्वाळा दिसली, पण ज्वाळेवरून क्षेपणास्त्राच्या अंगावर नेम सरकवण्याची पायरीच पार पडली नाही. मुख्य लेझर पेटलाच नाही.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा १९९६ चा. विमान आणि लेझर यांना एकाच कंत्राटात, युद्धसज्ज होऊ घातलेल्या शस्त्राचा नमुना म्हणून बांधले गेले. पूर्ण आकाराचा लेझर कधी पेटलेला नसताना त्याला लागणारे विमान ठरले. त्यामुळे पुढे जे जे जड झाले ते त्याच विमानात कोंबावे लागले. शक्ती कमी पडते आहे असे दिसले तरी वाढवायला जागा नव्हती. पूर्ण शक्तीचा लेझर आधी जमिनीवर पेटवून, वजनाला किती शक्ती मिळते ते मोजून मग विमान निवडले असते, तर सातच्या ताफ्याचा बेत कागदावरच थांबला असता.

दुसरा टप्पा २००१ चा, आणि माझ्या मते सर्वांत कमी चर्चिलेला. प्रकल्प हवाई दलाकडून क्षेपणास्त्र संरक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेकडे गेला. जिथे तो जन्मला तिथे प्रश्न रणांगणावरच्या स्कडचा होता. हवाई वर्चस्व मिळालेले आहे आणि विमान आघाडीपासून फार दूर नाही, हे त्यात गृहीत होते. नव्या घरी त्याच्याकडून आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचीही अपेक्षा होऊ लागली. काम बदलले, आरसा आणि शक्ती तीच राहिली. अशा वेळी नवा नकाशा पसरून विमान नेमके कुठे घिरट्या घालणार ते आखायला हवे होते.

तो नकाशा बाहेरच्यांनी पसरला. अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २००३ च्या अभ्यासाने हिशेब मांडला: हा लेझर द्रव इंधनाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राला सुमारे ६०० किलोमीटरवरून आणि घन इंधनाच्या क्षेपणास्त्राला सुमारे ३०० किलोमीटरवरून गाठू शकेल, तेही सगळे आराखड्याप्रमाणे चालले तर. उत्तर कोरिया अरुंद आहे, दोन्ही बाजूंना समुद्र आहे, तिथे हे अंतर काही अंशी कामी आले असते. इराणचे तसे नाही. सोळा लाख चौरस किलोमीटरच्या त्या देशात आतल्या भागातून सुटलेले क्षेपणास्त्र सीमेबाहेरून ३०० किलोमीटरमध्ये येतच नाही. हा अहवाल आला तेव्हा लेझर पेटायला वर्षभर अवकाश होता. थांबायची ही सर्वांत स्वस्त जागा होती. थांबले कोणी नाही.

तिसरा टप्पा एप्रिल २००९ चा. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी दुसरे विमान रद्द केले आणि पहिले फक्त संशोधनासाठी ठेवले. मे महिन्यात प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर त्यांनी कारण स्पष्ट सांगितले. हे प्रत्यक्ष तैनात करावे असे मानणारा कोणीही आपल्याला संरक्षण खात्यात माहीत नाही. सुरक्षित अंतरावरून मारा करायचा तर आत्ताच्या वीस ते तीस पट शक्तीचा लेझर लागेल. आहे त्या लेझरने काम करायचे तर विमानाला इराणच्या हद्दीत घिरट्या घालाव्या लागतील. दहा ते वीस विमाने लागतील, प्रत्येकी दीड अब्ज डॉलरची, वर चालवण्याचा वर्षाला १० कोटींचा खर्च.

लेझरच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा स्वस्ताईचा असतो. एका झोताची रसायने एका प्रतिक्षेपणास्त्रापेक्षा खूप स्वस्त, हे खरेच आहे. पण एक ७४७ चोवीस तास एका जागी ठेवायचे तर तीन-चार विमाने आळीपाळीने लागतात. हे मोठे, संथ विमान शत्रूच्या रडारवर लख्ख दिसणार, म्हणून सोबत लढाऊ विमाने हवीत. हवेत इंधन भरणारी विमाने हवीत. एवढ्या सगळ्याच्या खर्चात झोताची किंमत हिशेबात धरण्याइतकीही राहत नाही.

शत्रू स्वस्थ बसणार नाही हे वेगळेच. क्षेपणास्त्र स्वतःभोवती फिरत ठेवले तर उष्णता एका जागी साचत नाही. बाहेरून जळून झडणारा थर दिला तर काही सेकंद आणखी मिळतात. द्रव इंधन सोडून घन इंधनाकडे वळले तर लेझरचा पल्ला जवळपास निम्मा होतो, आणि इराण व उत्तर कोरिया दोघेही नेमके तिकडेच वळले आहेत.

निष्पत्ती

डिसेंबर २०११ मध्ये प्रकल्प बंद झाला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने बूस्ट फेजमध्ये अडवण्याच्या एकूणच कल्पनेवर पाणी सोडावे असा सल्ला दिला. उंच उडणाऱ्या मानवरहित विमानात हलका लेझर बसवण्याचे संशोधन काही वर्षे चालले. २०२० मध्ये पेंटागॉनच्या संशोधन विभागाच्या प्रमुखांनी विमानातून लेझरने क्षेपणास्त्रे पाडण्याबाबत आपल्याला मोठी शंका असल्याचे जाहीर सांगितले.

लेझर संपला नाही, त्याने कामाची जागा बदलली. विजेवरचे फायबर लेझर स्वस्त आणि आटोपशीर झाले. २०१४ मध्ये यूएसएस पॉन्स या युद्धनौकेवर ३० किलोवॉटचा लेझर बसला. २०२४ च्या युद्धात हिजबुल्लाचे ड्रोन लेझरने पाडल्याचे इस्रायलने पुढच्या वर्षी जाहीर केले. काही किलोमीटरवरचे हळू ड्रोन, तोफगोळे, साधी रॉकेटे या लक्ष्यांवर लेझरचे गणित बसते. कवच पातळ, अंतर कमी, आणि वीस हजारांच्या ड्रोनवर लाखोंचे क्षेपणास्त्र उडवण्याची वेळ टळते.

वेगळे काय करता आले असते

विमान शेवटी प्रयोगशाळाच ठरले. ते पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळा म्हणून, जुन्या विमानात, कमी शक्तीवर उडवले असते तर नेम धरण्याचे तेच ज्ञान फार कमी पैशात मिळाले असते. प्रत्येक टप्प्याला पैसा सोडण्याआधी एक अट घालता आली असती: किती किलोला किती किलोवॉट, आणि त्यातून किती किलोमीटर. 'लक्ष्य नष्ट झाले' हा निकष दिसायला जोरदार असतो, पण किती अंतरावरून, कोणत्या कवचावर आणि लक्ष्य फिरत होते का, हे सोबत नसेल तर त्यातून लष्कराला काहीच कळत नाही. आणि २००३ च्या अहवालाला उत्तर देण्याची सक्ती हवी होती. संस्थेने एक तर घिरट्यांची जागा नकाशावर दाखवायची, नाही तर युद्धसज्जतेचे ध्येय सोडायचे. हा निर्णय सहा वर्षे उशिरा, मंत्र्यांच्या पातळीवर झाला.

हे प्रकरण मराठीत मांडावेसे वाटले ते आपल्याकडच्या बातम्यांमुळे. १३ एप्रिल २०२५ ला डीआरडीओने आंध्र प्रदेशातल्या कर्नूल इथल्या चाचणी क्षेत्रात ३० किलोवॉटच्या लेझरने पंखांचे मानवरहित विमान आणि ड्रोन पाडून दाखवले. ऑगस्टमध्ये एकात्मिक हवाई संरक्षण यंत्रणेच्या पहिल्या चाचणीत क्षेपणास्त्रांच्या जोडीने लेझरनेही आपले लक्ष्य टिपले. ही कमाई खरी आहे आणि ड्रोनच्या धोक्यासाठी नेमकी हवी तशी आहे. पण त्यावरून शेजाऱ्यांची क्षेपणास्त्रे आता लेझरने पाडू असे मथळे काढणे म्हणजे ३० किलोवॉटवर मेगावॉटचे ओझे टाकणे. आपल्या समोरची क्षेपणास्त्रे बरीचशी घन इंधनाची आहेत आणि ती सीमेपासून खूप आतूनही सुटू शकतात. बूस्ट फेजचा विचार करायचा तर कागदावर आधी तिथली घिरट्यांची जागा दाखवावी लागेल.

जवळच्या पल्ल्यालाही हवामानाची अट आहे. जुलैत मुंबईच्या नौदल गोदीवर ढग टेकलेले असतात आणि कोकणपट्टीवर आठवडाभर धड दिसत नाही, तेव्हा झोताची ऊर्जा पाण्याच्या थेंबांतच खर्च होते. म्हणून पश्चिम किनाऱ्यासाठी लेझर घेताना तोफा आणि लघु पल्ल्याची क्षेपणास्त्रे कमी करण्याची कल्पना आली, तर कर्नूलच्या कोरड्या हवेतली चाचणी पुरावा म्हणून धरू नये. तीच चाचणी किनाऱ्यावर, भर पावसाळ्यात घ्यावी आणि किती किलोमीटरवर लक्ष्य पडले तो आकडा मागावा.